चंदेरी मोटार आणि आडवाटेची जीप

मुंबई ते कोल्हापूर आणि कोल्हापूर ते मुंबई अशी मोटारगाड्यांची एक कसोटी १९०८ साली घेण्यात आली होती. त्या काळी या मार्गाची अवस्था काय असेल, याची कल्पना आजच्या वाचकाला सहजासहजी यायची नाही. रस्ता म्हणजे खडी आणि मुरूम, त्यावर बैलगाड्यांच्या लोखंडी धावांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या. सह्याद्रीचे घाट लागले म्हणजे गाडीवान जादा बैलांची जोडी जुंपून घेत आणि उतारावर चाकांना दगडांची उटी लावीत. अशा वाटेवर इंग्लंडातून आलेली एक सहा सिलिंडरांची रोल्स-रॉइस मोटार चढउतार करून, घाटांना दाद न देता, परत मुंबईस आली. तिला 'पूर्वेचा मोती' असे नाव देण्यात आले होते. पुढे ती ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांनी विकत घेतली आणि त्यानंतर भारतातील संस्थानिकांच्या दरबारी या मोटारीला जे स्थान मिळाले ते सर्वश्रुतच आहे.

ही हकीगत आरंभीच सांगण्याचे कारण असे. अलीकडे आमच्या विभागात एका इंग्रजी लेखाचे भाषांतर चालले होते. त्यात एका बाजूस जुनी जीप आणि दुसऱ्या बाजूस जुनी रोल्स-रॉइस ठेवून लेखकाने तुलना मांडली होती: एक चिखलाची गाडी, दुसरी गालिच्याची, एक शेतकऱ्याची, दुसरी राजाची. रस्ता सोडून चालणाऱ्या मोटारीला मराठीत काय म्हणावे, यावर आमच्यात बराच खल झाला. शेवटी 'आडवाटेची गाडी' हा शब्द ठरला. पण शब्द ठरल्यावर मनात एक शंका उभी राहिली. आडवाटेला आधी कोण गेले? इतिहास चाळू लागलो, तेव्हा असे दिसले की जीपचा जन्म होण्यापूर्वी तीस वर्षे रोल्स-रॉइस आडवाटेनेच चालत होती. कारण त्या काळी भारतातच काय, युरोपातही मोटारीला साजेसा रस्ता हा अपवाद होता.

ज्या नमुन्यामुळे या कंपनीचे नाव जगभर झाले, तो चाळीस-पन्नास अश्वशक्तीचा नमुना १९०६ साली लोकांपुढे आला. १९०७ साली त्यांपैकी एका मोटारीस चंदेरी रंग देण्यात आला, तिचे दिवे व इतर धातूचे भाग चांदीच्या मुलाम्याने मढविण्यात आले आणि ती इतकी निःशब्द चालते म्हणून तिला 'सिल्व्हर घोस्ट' म्हणजे चंदेरी भूत हे नाव पडले. (आपल्याकडे कोणी आपल्या नव्या गाडीला भूत म्हणण्यास धजावेल असे वाटत नाही, पण इंग्रजांची या बाबतीतली रुची निराळी आहे.) त्याच वर्षी ही मोटार लंडन आणि ग्लासगो यांच्या दरम्यान अखंड फिरवून सुमारे १५,००० मैल चालविण्यात आली. नंतर तिचा भागन् भाग सुटा करून तपासला, तेव्हा झिजलेले भाग बदलून ती पूर्ववत करण्यास अवघा दोन पौंडांच्या जवळपास खर्च आला. १९२६ पर्यंत या नमुन्याच्या, इंग्लंड व अमेरिका मिळून, ७,८७४ मोटारी तयार झाल्या.

तिचे इंजिन पुढे ७,४२८ घनसेंटिमीटरचे करण्यात आले. एवढ्या मोठ्या इंजिनाकडून शक्ती मात्र मोजकीच घेतलेली होती. ते संथपणे फिरे, घाई करीत नसे आणि म्हणूनच झिजतही नसे. अगदी पायी चालण्याच्या वेगापासून ही मोटार वरच्या गिअरमध्ये चालू शके. १९११ साली लंडनहून एडिनबरोपर्यंत व परत असा प्रवास वरच्या एकाच गिअरमध्ये करून दाखविण्यात आला. आणि त्यात गॅलनला २४ मैलांहून थोडे अधिक, म्हणजे आजच्या हिशेबाने लिटरला साडेआठ किलोमीटरच्या आसपास अंतर तिने कापले.

तथापि ती कधीच अडली नाही, असे म्हणता येणार नाही. १९१२ साली ऑस्ट्रियातील आल्प्स पर्वतातल्या कसोटीत काट्शबर्गच्या खिंडीत एक सिल्व्हर घोस्ट चढावर थांबली. तिच्या तीन गिअरांपैकी सर्वांत खालचा गिअरही त्या चढाला पुरला नाही. कंपनीला ही गोष्ट इतकी लागली की पुढच्या वर्षी चार गिअरांच्या मोटारी घेऊन तिची माणसे पुन्हा त्याच डोंगरात गेली आणि गेल्या वर्षीचे अपयश धुऊन काढून आली. डोंगराने शिकविलेला धडा अशा रीतीने यंत्रात उतरला.

पहिल्या महायुद्धात या मोटारीचा जो उपयोग झाला, तो राजवाड्यातल्या मोटारीच्या कल्पनेशी मुळीच जुळणारा नाही. १९१४ पासून तिच्या सांगाड्यावर पोलादी पत्रे आणि यंत्रतोफेचा मनोरा चढवून चिलखती गाड्या बनविण्यात आल्या. मूळ वजनावर एवढा भार पडूनही सांगाडा वाकला नाही. फक्त पाट्यांच्या स्प्रिंगा अधिक मजबूत कराव्या लागल्या. या गाड्या लिबियाच्या आणि अरबस्तानच्या वाळवंटात धावल्या. अरबांच्या उठावात भाग घेणारा टी. ई. लॉरेन्स हा तर या मोटारींचा भक्तच बनला होता. आपल्या प्रसिद्ध ग्रंथात त्याने त्यांची तोंड भरून प्रशंसा केली आहे. आणि आश्चर्य असे, की १९४० साली दुसऱ्या महायुद्धाचे लोण उत्तर आफ्रिकेत पोचले, तेव्हाही ब्रिटिशांच्या एका घोडदळाच्या पलटणीपाशी या जुन्या चिलखती रोल्स-रॉइस गाड्या शिल्लक होत्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९४२ च्या जुलैत, त्याच वाळवंटात जीपगाड्यांच्या एका तुकडीने रात्रीच्या अंधारात शत्रूच्या विमानतळावर छापा घातला. एकाच वाळूवर या दोन यंत्रांची अशी गाठ पडली; म्हातारी निघाली आणि तरुण आली.

त्या तरुणीची जन्मकथा अगदीच वेगळी आहे. १९४० साली अमेरिकेच्या सैन्याला टेहळणीसाठी एक हलकी, चारही चाकांना शक्ती मिळणारी गाडी हवी होती, आणि तीही तातडीने. सैन्याने १३५ कारखान्यांना पत्रे पाठविली. पहिला नमुना एकोणपन्नास दिवसांत द्या, अशी अट होती. पेनसिल्व्हेनियातील बटलर या गावच्या अमेरिकन बॅन्टम नावाच्या, तशा डबघाईस आलेल्या लहानशा कारखान्याने कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्यास पाचारण केले आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी ठरल्या मुदतीत गाडी सैन्याच्या हाती दिली. परंतु हजारोंनी गाड्या पुरविण्याची ताकद या कारखान्यात नव्हती. मग विलिस-ओव्हरलँड आणि फोर्ड यांनीही आपापले नमुने केले. विलिसच्या बार्नी रूस या अभियंत्याचे इंजिन सर्वांत दमदार ठरले, म्हणून विलिसची गाडी निवडली गेली; तिच्यात इतरांच्या नमुन्यांतील चांगल्या गोष्टीही घेण्यात आल्या आणि फोर्डनेही तीच गाडी बनवावी असे ठरले. समोरची ती प्रसिद्ध पत्र्याची जाळी फोर्डच्या कारागिरांची, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ज्या बॅन्टमने पहिली गाडी दिली, त्याच्या वाट्याला मात्र पुढे गाडीच्या मागे ओढावयाच्या लहान गाड्या बनविण्याचे काम आले! युद्ध संपेपर्यंत विलिस व फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बाहेर काढल्या.

'जीप' हे नाव कसे पडले, याविषयी एकवाक्यता नाही. 'सर्वसाधारण उपयोगाची' या अर्थाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ते आले असे एक मत आहे. १९३६ साली अमेरिकेत एका चित्रमालिकेत अवतरलेल्या, कोठेही जाऊ शकणाऱ्या विचित्र प्राण्याचे ते नाव होते, असे दुसरे. आम्हां भाषांतरकारांना दुसरे मत अधिक आवडते. ते काहीही असो, मराठीत या शब्दाला प्रतिशब्द शोधण्याची गरज कोणाला भासली नाही. जीप आली ती आपले नाव घेऊनच आली आणि घरची झाली.

दोन्ही यंत्रे शेजारी उभी केली म्हणजे डोळ्यांत भरतो तो आकार. जीपची लांबी सव्वातीन मीटरांहून किंचित अधिक, वजन एक टनाच्या जवळपास, इंजिन २,१९९ घनसेंटिमीटरचे आणि शक्ती साठ अश्वांची. म्हणजे रोल्स-रॉइसच्या तिसरा हिस्सा इंजिनातून तिच्या जवळपास जाणारी शक्ती. अर्थात त्यासाठी हे लहान इंजिन भराभर फिरते, ओरडते, कंप पावते. रोल्स-रॉइसमध्ये शक्ती फक्त मागच्या चाकांना जाते. जीपमध्ये चालकाच्या हाताशी आणखी दोन दांडे असतात. एकाने पुढची चाके जोडता येतात. दुसऱ्याने सगळेच गिअर एक पायरी खाली उतरविता येतात. भातखाचरात रुतलेली जीप बाहेर निघते ती या दोन दांड्यांच्या बळावर. दार नाही, काच पुढे बॉनेटवर निजविता येते, छत म्हणजे ताडपत्रीचा तुकडा. १९४१ साली विलिसला मिळालेल्या कंत्राटात एका गाडीची किंमत सुमारे ७४० डॉलर इतकी होती.

बसण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. रोल्स-रॉइसचा कारखाना केवळ सांगाडा आणि इंजिन देई. वरची पेटी निष्णात कारागिरांकडून गिऱ्हाइकाच्या इच्छेप्रमाणे करवून घ्यावयाची. त्यामुळे पडदानशीन राण्यांसाठी पडद्यांच्या मोटारी झाल्या, मिरवणुकीसाठी सिंहासनवजा आसनांच्या झाल्या आणि कोट्याचे महाराव उमेदसिंह यांच्यासाठी १९२५ साली खास शिकारीची मोटार झाली, जिच्यावर शोधदिव्यांबरोबर भारी बंदुकांचीही सोय होती. बहुतेक मोटारींत धनी मागे आणि चालक पुढे. दोघांच्या मधे काच. चालकाला मोटारीचे शास्त्र शिकविण्यासाठी कंपनी स्वतंत्र वर्ग चालवी. जीपमध्ये काच समोर एकच. तिच्याआड साहेब, शिपाई, चालक आणि पाहणीला निघालेला तलाठी सगळेच सारखे धुळीने माखतात.

(अलवारच्या महाराजांनी रागाच्या भरात आपल्या रोल्स-रॉइस मोटारींना झाडू बांधून नगराचा कचरा उचलण्यास लावले, ही गोष्ट वाचकांनी अनेकदा ऐकली असेल. ती मोठी चवीने सांगितली जाते. तिला विश्वसनीय आधार मात्र आम्हांस सापडला नाही. हीच गोष्ट इतर संस्थानिकांच्या नावावरही खपविली जाते, यावरून काय ते समजावे.)

जीप भारतात प्रथम आली ती सैन्याबरोबर. युद्ध संपल्यावर लष्कराच्या शिल्लक मालात ती विक्रीला निघाली, आणि 'डिस्पोजलची जीप' हा शब्दप्रयोग त्या पिढीच्या तोंडी रुळला. २ ऑक्टोबर १९४५ रोजी लुधियाना येथे महिंद्र बंधू आणि गुलाम महंमद यांनी एक कंपनी स्थापन केली होती. बंधूंपैकी कैलाशचंद्र महिंद्र हे युद्धकाळात अमेरिकेत भारताच्या पुरवठा मंडळाचे प्रमुख होते. तेथे त्यांची बार्नी रूस यांच्याशी गाठ पडली आणि ही गाडी भारताच्या खेड्यांसाठी योग्य आहे, हे त्यांच्या मनाने घेतले. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानात गेले व त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले; कंपनीचे नाव बदलले आणि मुंबईत विलिस जीपच्या सुट्या भागांची जुळणी सुरू झाली. हळूहळू भाग येथेच बनू लागले. उंच बॉनेटचा जो नमुना आपल्याकडील जुन्या छायाचित्रांत दिसतो, तो अमेरिकेत १९५३ साली निघाला. अमेरिकेत तो बंद पडल्यावरही आपल्याकडे त्याच्याच वंशातील गाड्या कितीतरी वर्षे तयार होत राहिल्या.

२ ऑक्टोबर १९५२ रोजी समूहविकास योजनेचा प्रारंभ झाला आणि गटविकास अधिकाऱ्याची जीप खेड्याच्या वेशीत दिसू लागली. बियाणे घेऊन, फवारणीचे पंप घेऊन, पडद्यावर चित्रपट दाखविण्याचे साहित्य घेऊन ती आली. देवीच्या रोगाचे उच्चाटन करण्याच्या अखेरच्या मोहिमेत, १९७४-७५ साली, लस टोचणारी पथके बिहारसारख्या प्रांतात वाड्यावस्त्यांपर्यंत पोचली ती बऱ्याच अंशी जीपगाड्यांतूनच. पुष्कळ गावांत चाकांवर चालणारे जे पहिले यंत्र पोरांनी पाहिले, ते हे. अर्थात तिच्या धुरळ्यामागे कधी वसुली असे, कधी निवडणुकीचा कर्णा असे. जीप म्हणजे सारे काही मंगलच, असे मानण्याचे कारण नाही.

आणि येथेच त्या भाषांतरित लेखाहून आमचे मत वेगळे होते. दोन्ही गाड्या वाईट वाटेसाठीच जन्मल्या. त्यांच्यातील भेद रस्त्याचा नाही, दुरुस्तीचा आहे. रोल्स-रॉइस अशी बनविली की तिला मोडण्याची वेळच येऊ नये. प्रत्येक भाग हाताने घासूनपुसून, दुसऱ्या भागाशी अचूक बसविलेला. तो बदलावयाचा तर तसाच भाग हवा आणि तसाच हात हवा. जीपच्या कर्त्यांनी हे गृहीतच धरले होते की गाडी मोडणार, उलटणार, गोळी खाणार. म्हणून ती अशी असावी की कोणाही जवानाला चार पाने व एक पकड यांच्या साहाय्याने ती उभी करता यावी. एकीचा सुटा भाग दुसरीला बसतोच. विलिसचा भाग फोर्डच्या जीपला बसतो. त्याहूनही पुढची गोष्ट म्हणजे, ज्याचा जीपशी काडीचा संबंध नाही असा भागही थोडेसे कापून-जोडून तिला बसतो.

या गुणाचे उत्तम उदाहरण दार्जिलिंगच्या बाजूस पाहावयास मिळे. जीपच्याच कुळातली इंग्लंडची लँड-रोव्हर ही गाडी १९४८ साली प्रथम दाखविण्यात आली. तिचे कर्ते मॉरिस विल्क्स यांनी आपल्या शेतावरील युद्धातली जुनी जीप पाहूनच ती योजिली होती. इंग्रज मळेवाल्यांनी आणलेल्या या गाड्यांपैकी काही मानेभंज्यांग येथील चालकांच्या हाती आल्या. तेथून ३,६३६ मीटर उंचीवरील संदकफूपर्यंत एकतीस किलोमीटरांची धोंड्यांची वाट होती. या वाटेवर त्या गाड्यांनी अनेक दशके प्रवासी आणि शिधा वाहिला. मूळ सुटे भाग केव्हाच मिळेनासे झाले. तरी गाड्या चालल्या, कारण गावातील मिस्त्री अन्य गाड्यांचे भाग त्यांना बसवीत, आणि कित्येकींच्या पोटात इंजिनच मुळी देशी डिझेलचे आले.

आपल्याकडेही हेच घडले. पेट्रोल महागले तशी पेट्रोलची जुनी इंजिने उतरवून त्यांच्या जागी डिझेलची बसविण्याचा धंदा गावोगाव निघाला. हरियाणातील मंडी डबवाली हे गाव तर जुन्या जीपगाड्या मोडून नव्याने उभ्या करण्यासाठीच नावाजले. पश्चिम महाराष्ट्रात 'वडाप' म्हणून ज्या जीपगाड्या धावल्या, त्यांत किती माणसे बसत याचा हिशेब वाहतूक खात्यानेही न केलेला बरा.

आमचे मामा सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातल्या एका खेड्यात राहतात. त्यांची जीप हे आमच्या आजोळचे एक माणूसच समजावे. साठीच्या दशकातली ही गाडी, एका सरकारी खात्याच्या लिलावात आजोबांनी घेतली. आम्हांला कळू लागले तेव्हा तिचे पेट्रोलचे इंजिन जाऊन डिझेलचे आले होते, मागच्या बाकांची लांबी वाढली होती आणि रंग तर इतक्यांदा बदलला होता की मूळचा कोणता यावर घरात वाद होत. कोयनेच्या खोऱ्यातला पाऊस वाचकांस ऐकून तरी माहीत असेल. श्रावणातल्या एका रात्री शेजारच्या वस्तीवरील एका बाईस प्रसूतीच्या कळा सुरू झाल्या. ओढ्यावरच्या फरशीवरून पाणी वाहत होते. मामींनी कंदील धरला, मामांनी हँडल मारून गाडी सुरू केली, दोन्ही दांडे ओढले आणि पाण्याचा अंदाज घेत ती पलीकडे नेली. मागे बसलेल्या सुईणीने त्या अवधीत किती देवांना नवस केले ते तिलाच ठाऊक. पहाटे तालुक्याच्या रुग्णालयात मुलगी झाली. ती मुलगी आता स्वतः शिक्षिका आहे, आणि मामांना भेटली की, "मामा, माझी गाडी काय म्हणते?" असे विचारते.

काही वर्षांपूर्वी दिल्लीत जुन्या मोटारींचा एक मेळावा पाहण्याचा योग आला. अशा मेळाव्यांची परंपरा दिल्लीत १९६४ पासूनची आहे. तेथे एक सिल्व्हर घोस्ट उभी होती. इंजिन सुरू होते, पण ते सुरू आहे हे कळण्यासाठी आम्हांला बॉनेटवर हात ठेवावा लागला. शंभर वर्षांपूर्वीची ती यंत्रविद्या पाहून हात जोडावेसे वाटले, हे प्रांजळपणे कबूल करतो. पलीकडे एक युद्धकालीन जीपही होती, सैनिकी हिरव्या रंगाची. तिच्या मालकांनी मोठ्या अभिमानाने सांगितले की हिचा प्रत्येक स्क्रू मूळचा आहे, आणि आता ती फक्त मेळाव्यापुरतीच बाहेर निघते. ती जीप सुरेख होती. पण तिच्याकडे पाहताना आम्हांला मामांच्या जीपची आठवण होण्याऐवजी शेजारच्या रोल्स-रॉइसचीच होत राहिली.

जुन्या मोटारी देशाचा ठेवा आहेत, हे शासनानेही मान्य केले आहे. १९५० पूर्वीच्या मोटारी परदेशी नेण्यावर निर्बंध आहेत आणि ते योग्यच आहेत. संस्थाने विलीन झाल्यावर व १९७१ साली तनखे बंद झाल्यावर कितीतरी अमोल मोटारी कवडीमोलाने बाहेर गेल्या होत्या. जुलै २०२१ मध्ये जुन्या वाहनांच्या नोंदणीचे स्वतंत्र नियम झाले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, २०,००० रुपये शुल्क भरून, 'व्हीए' या अक्षरांच्या क्रमांकाने नोंदविता येते. अट अशी की ती मूळ स्थितीत असावी. सांगाडा, पेटी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. अशी गाडी प्रदर्शन, संशोधन, मेळावा, इंधन आणि देखभाल एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. नेहमीच्या वापरासाठी नाही.

राजवाड्यातल्या मोटारीला हा नियम अंगरख्यासारखा बसतो. ती कमी चालली, जपली गेली, म्हणून मूळ स्थितीत राहिली. मामांच्या जीपचे वयही पन्नासाच्या पुढे आहे, पण ती मूळ स्थितीत नाही. आणि ती मूळ स्थितीत ठेवली असती तर आज अस्तित्वातच नसती. तेव्हा तिला ठेवा म्हणता येत नाही, ती केवळ एक फार जुनी गाडी ठरते. अशा गाड्यांच्या नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते. त्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले, आणि २०२५ साली वीस वर्षांवरील मोटारींसाठी १०,००० रुपये. शुल्कवाढीमागचा हेतू आम्ही नाकारीत नाही. जुनी डिझेल इंजिने काळा धूर ओकतात आणि शहरांतील मुलांच्या छातीत तो जातो, हे सत्य आहे. दिल्लीसारख्या नगरात अशा गाड्यांवर बंधन हवेच. परंतु वर्षाकाठी हजारभर किलोमीटर, तीही डोंगरातल्या वाटेने, चालणाऱ्या गाडीचा आणि राजधानीच्या चौकात उभ्या असणाऱ्या गाडीचा विचार एकाच मापाने व्हावा का, हा प्रश्न विचारण्यास हरकत नसावी. आणि वस्तुसंग्रहालयवाल्यांनाही एक विनंती: एखादी तरी जीप अशी जतन करावी, जिच्यात तीन पिढ्यांच्या मिस्त्र्यांचे जोड दिसतील. बिनजोड जीप हे भारतातील जीपचे खरे चित्र नव्हे.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही हे सारे मामांना समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "त्या चंदेरी मोटारीला पावसात बाहेर काढतात का?" नाही म्हटल्यावर त्यांनी पुढे काही विचारले नाही. नूतनीकरणाचे कागद त्यांनी तयार ठेवले आहेत. पैशांची जुळवाजुळव चालू आहे. पावसाळ्यापूर्वी जीपचे पुढचे पाटे बदलून झाले होते. ते त्यांना कराडला, मोडीत निघालेल्या एका मालवाहू टेम्पोचे मिळाले. एक पाटा थोडा लांब पडत होता, तो लोहाराकडून कापून घेतला.